फोनला दिसलं, पुढे काय? डार्टमथ कॉलेजची बारा वर्षं

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर नावाच्या छोट्या गावी डार्टमथ कॉलेज आहे. १७६९ सालचं. मोबाइल आणि विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य असा विषय निघाला की या कॉलेजचं नाव येतंच. फोनमधल्या सेन्सरवरून विद्यार्थ्याच्या मनाचा अंदाज बांधण्याचं काम इथे जितकं सलग झालं, तितकं फार थोड्या ठिकाणी झालं आहे. २०१३ पासून एकाच आवारात काय काय घडत गेलं ते ओळीने पाहिलं, तर ‘नव्या मुलांसाठी एखादं ॲप घेऊन टाकू’ असं बैठकीत म्हणणाऱ्या कुठल्याही संस्थेला त्यात कामाचं बरंच सापडेल.

माझं मत आधीच सांगतो. ॲपला माझा विरोध नाही. पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा आधाराची खरी निकड असते नेमक्या तेव्हाच, ही ॲप्स सर्वांत कच्ची पडतात. याची दोन कारणं आहेत आणि डार्टमथच्या प्रकरणात दोन्ही स्पष्ट दिसतात.

दहा आठवड्यांचं सत्र

या कॉलेजचं सत्र दहा आठवड्यांचं असतं. ऐकायला साधी बाब वाटते, पण विद्यार्थ्याच्या ताणाचं निम्मं गणित यातच आहे. वर्गांची ओळख होते न होते तोच पहिल्या चाचण्या येऊन ठेपतात. एक आठवडा तापात गेला, तर सत्राचा दहावा हिस्सा गेला. मागे पडलेल्याला सावरून घ्यायला मोकळी जागाच नसते.

२०१३ च्या वसंत सत्रात संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टुडंटलाइफ’ हा प्रयोग केला. अँड्रॉइड प्रोग्रॅमिंगच्या वर्गातल्या ६० मुलांच्या फोनवर एक ॲप बसवलं. काहींनी मध्येच अभ्यास सोडला, काहींनी तो वर्गच सोडला, आणि शेवटपर्यंत ४८ जण टिकले. ॲप पार्श्वभूमीला चालत राहायचं. मुलांनी करायचं काम एवढंच, की फोन जवळ बाळगायचा, चार्ज करायचा आणि दिवसातून काही वेळा विचारलेल्या छोट्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यातला एक प्रश्न तर शब्दांतही नव्हता. पडद्यावर १६ छायाचित्रं यायची आणि त्यातलं आत्ताच्या मनाशी जुळणारं एक निवडायचं, बस्स.

झोप कशी मोजायचे ते पाहण्यासारखं आहे. खोलीत अंधार आहे, आवाज नाही, फोन जागचा हललेला नाही आणि बराच वेळ कुणी तो उघडलेलाही नाही. या चार गोष्टी एकत्र जमल्या की मूल झोपलं असं धरायचं. मनगटावर काही बांधायला नको की सकाळी उठून काही भरायला नको. बोलणं मोजायची रीतही अशीच. मायक्रोफोन ठरावीक अंतराने थोडा वेळ कान द्यायचा आणि आसपास संभाषण चाललंय का एवढंच ठरवायचा. शब्द साठवले जात नव्हते. कोण काय बोललं याची नोंद कुठेच नव्हती.

सत्राच्या आधी आणि शेवटी मुलांकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. जगभर दवाखान्यांत हीच वापरतात. या गुणांची फोनच्या नोंदींशी तुलना केली तेव्हा कमी झोपणाऱ्या आणि संभाषणाच्या कमी संपर्कात असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. सगळ्या वर्गाचा मिळून आलेख काढला तर त्यात सत्राची लय उमटलेली होती. सुट्टीवरून परतलेली मुलं ताजीतवानी, झोप पुरेशी, ताण कमी. काम वाढत गेलं तसा ताण वर चढला आणि झोप, गप्पा, हिंडणंफिरणं खाली आलं. गंमत म्हणजे वर्गातली हजेरी आणि गुण यांचा मात्र काही संबंध लागला नाही. हजेरीपटावर जीव टाकणाऱ्या प्राध्यापकांना हा निष्कर्ष कसा पचला असेल कोण जाणे.

इथवर सगळं उमेद वाढवणारं आहे. पण संख्या ४८, सगळी मुलं एकाच वर्गातली, संगणकात रमणारी, बहुतेक वरच्या इयत्तांतली किंवा पदव्युत्तर. पदवीच्या पहिल्या वर्षातली अगदीच मोजकी. वर टिकून राहण्यासाठी बक्षिसं होती. सर्वांत जास्त नोंदी देणाऱ्यांमध्ये नवे फोन वाटले गेले. बाहेरच्या जगात अशी बक्षिसं कुणी देत नाही, आणि तिथे काय होतं याचा आकडा २०१९ साली प्रसिद्ध झाला. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सच्या प्रत्यक्ष वापराची ती पाहणी होती. ॲप डाउनलोड केल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण (निम्मी ॲप्स त्याच्या वर, निम्मी खाली) ३.३ टक्के निघालं. म्हणजे शंभरातले तीन.

‘नेहमीसारखं’ कशाला म्हणायचं

पुढचा टप्पा २०१७ चा. या वेळी नुकत्याच दाखल झालेल्या मुलांनाच घ्यायचं आणि पदवी मिळेपर्यंत चार वर्षं त्यांच्या फोनवरून नोंदी घेत राहायच्या असं ठरलं. दोनशेहून अधिक विद्यार्थी सामील झाले. या कामातूनच पुढे करोनाच्या पहिल्या सत्राचं चित्र मिळालं. २०२० च्या सुरुवातीला या मुलांचं हिंडणं कमी झालं, बसून राहणं वाढलं, आणि चिंता व नैराश्याची लक्षणं आधीच्या सत्रांच्या तुलनेत वर गेली. आधीच्या सत्रांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून हे सांगता आलं.

मला यातल्या ‘आधीच्या तुलनेत’ या दोन शब्दांपाशी थांबायचं आहे. सेन्सरवर चालणारं ॲप माणसाच्या मनात शिरत नाही. ते त्याच्या नेहमीच्या वागण्यातला बदल पकडतं. रोज बाराला झोपणारा आठवडाभर तीनला झोपतोय, रोज चार इमारतींत जाणारा दोन दिवस खोलीबाहेर पडलेला नाही, असं काहीतरी. पण नव्या मुलाचं नेहमीचं वागणं अजून ठरलेलंच नसतं. खोली नवी, शेजारचा पलंग अनोळखी माणसाचा, जेवणाच्या वेळा वेगळ्या, झोपेचा ताळतंत्र सगळ्यांचाच सुटलेला. घरी असताना त्याचं नेहमीचं काय होतं ते फोनवर नव्याने बसवलेल्या ॲपला ठाऊक असायचं कारण नाही, आणि ठाऊक असतं तरी इथे त्याचा फार उपयोग नव्हता. तुलनेला काही हवं म्हणून ॲपला काही आठवडे नोंदी जमवाव्या लागतात. दहा आठवड्यांच्या सत्रात तेवढ्यात पहिल्या चाचण्या उरकलेल्या असतात.

मग दुसऱ्या मुलांच्या सरासरीशी तुलना करावी म्हटलं, तर तिथे वेगळीच गोची. दोघांच्या खोलीत राहणारी एखादी मुलगी घ्या. खोलीतली दुसरी बोलकी, मैत्रिणींचा राबता सतत चालू. ही कानात इयरफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडलेली, आठवड्यात कुणाशी धड बोललेली नाही. फोन मात्र नोंद करतो की आसपास भरपूर संभाषण. स्टुडंटलाइफचं ॲप बोलणं कुणाचं हे वेगळं काढत नव्हतं, बोलण्याच्या सान्निध्यात असणं तेवढं मोजत होतं. एकटेपणाचं सर्वांत नेहमीचं रूप, म्हणजे माणसांच्या गराड्यातलं एकटेपण, अशा मोजणीतून अलगद निसटतं. नव्या मुलांमध्ये तेच सर्वाधिक.

आणखी एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका पाहणीत आठ देशांतल्या १९ महाविद्यालयांमधल्या १३,९८४ प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. त्यात ३५ टक्क्यांच्या उत्तरांतून आयुष्यात कधी ना कधी एखादा सामान्य मानसिक विकार होऊन गेल्याचं दिसलं, आणि ३१ टक्क्यांच्या बाबतीत मागच्या बारा महिन्यांत. मागचे बारा महिने म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कॉलेजच्या आधीचेच. ही मुलं दारातून आत येतानाच ओझं घेऊन येतात. अशा मुलाची पहिल्या दिवसापासूनची वाईट झोप ॲपच्या हिशेबी त्याची ‘नेहमीची’ झोप ठरते. बदल झालाच नाही, मग इशारा कशाचा द्यायचा?

त्यामुळे पहिल्या महिन्यात सेन्सरपेक्षा सरळ विचारणं बरं, असं माझं मत झालं आहे. नुसतं विचारायला तुलना लागत नाही.

नववा प्रश्न

पण विचारायचं म्हटलं की दुसरं कारण पुढे येतं.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांविषयी आहे. याच प्रश्नावलीची पीएचक्यू-८ नावाची आवृत्ती आहे, आणि तिच्यात हा प्रश्न गाळलेला आहे. कारण उघड आहे. फोनवरून, टपालाने, दुरून माहिती गोळा करणाऱ्या अभ्यासात कुणी ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं, तर त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचायची सोय नसते. त्याहून आटोपशीर पीएचक्यू-४ आहे. त्यात नैराश्याचे दोन प्रश्न, चिंतेचे दोन. डार्टमथच्या चार वर्षांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना ठरावीक काळाने हेच चार प्रश्न फोनवर जायचे.

संशोधनासाठी ही निवड योग्यच होती. दोनशे मुलांची उत्तरं रात्री-अपरात्री येणार, त्यावर तातडीने हलायला चोवीस तास माणूस बसवलेला नसेल, तर तो प्रश्न न विचारणं जास्त प्रामाणिक. पण आधार देण्यासाठी ॲप घेणाऱ्या संस्थेला ही पळवाट नाही. तिने प्रश्न विचारला तर उत्तर वाचणारा लागतो. विचारलाच नाही, तर ज्याच्यासाठी ॲप घेतलं तोच मुलगा नजरेआड राहतो. बाजारातली बहुतेक ॲप्स यावर मधला मार्ग काढतात. तसं उत्तर आलं की पडद्यावर मदतवाहिनीचा क्रमांक झळकतो. क्रमांक दाखवणं गरजेचं आहेच, पण रात्री दीड वाजता ज्याला शेजारच्या मुलाला हाक मारायचं बळ नाही, तो अनोळखी क्रमांक फिरवेल यावर संस्थेने किती भिस्त ठेवावी?

तंत्राची हौस कुठवर जाते याचाही एक नमुना याच कॉलेजात आहे. २०२४ मध्ये इथल्याच गटाने ‘मूडकॅप्चर’ नावाच्या ॲपविषयी लिहिलं. नैराश्याचं निदान झालेले १७७ जण प्रश्नावली भरत असताना फोनचा पुढचा कॅमेरा त्यांचे फोटो घ्यायचा. संमती सगळ्यांची होती, पण नेमका फोटो कधी निघतो ते त्यांना कळत नव्हतं. सव्वा लाखाच्या आसपास फोटोंवरून तयार केलेल्या प्रणालीने नैराश्याची लक्षणं ७५ टक्के अचूकतेने ओळखली. म्हणजे चारातलं एक उत्तर चुकीचं. हे विद्यार्थ्यांवरचं ॲप नव्हतं, पण उद्या कुणी ते वसतिगृहात आणायचं म्हटलं तर? चुकीचा इशारा मिळालेल्या मुलाच्या दारावर कोण जाणार आणि काय सांगणार?

२०२०-२१

या प्रकरणातला सर्वांत जड भाग आता येतो. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात डार्टमथच्या प्रथम वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. करोनाचं वर्ष होतं. नव्या मुलांचं कॉलेज आवारात आल्यावरच्या विलगीकरणाने सुरू झालेलं, आणि वर्ग बहुतांशी पडद्यावर.

इथे सावध राहायला हवं. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसतं. चार वर्षांचा तो अभ्यास या नव्या मुलांचा नव्हता. त्यातले विद्यार्थी तोवर वरच्या वर्गांत गेले होते, आणि ते ॲप मुळात उपचारासाठी किंवा देखरेखीसाठी नव्हतंच. तेव्हा ‘ॲप असूनही हे झालं’ असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि ‘ॲप असतं तर टळलं असतं’ म्हणायलाही आधार नाही. पण एक वस्तुस्थिती उरते. फोनवरून विद्यार्थ्याचं मन ओळखण्यात जगात आघाडीवर असलेल्या आवारात ती विद्या त्या वर्षीच्या नव्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती. शोधनिबंध आणि वसतिगृहाची खोली यांच्यामध्ये जे लागतं, म्हणजे समुपदेशक, रात्रपाळी, नियम, जबाबदारीची उतरंड, ते कुठल्याही ॲपच्या आत बसवून मिळत नाही.

कॉलेजने नंतर जे केलं त्यातलं बरंचसं फोनशी संबंधित नव्हतं. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या जेड फाउंडेशनबरोबर चार वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. २०२३ मध्ये वैद्यकीय कारणाने सत्र सोडून जाण्याचे नियम नव्याने लिहिले. हा दुसरा मुद्दा ॲपच्या चर्चेत कुणी काढत नाही, पण माझ्या लेखी तो कळीचा आहे. ‘खरं सांगितलं तर घरी पाठवतील’ ही भीती असेल, तर मूल कुठल्याही पडद्यावर खरं उत्तर देणार नाही. प्रश्नावली कितीही शास्त्रशुद्ध असो, तिच्यात आकडे येतात ते संस्थेच्या नियमांना घाबरून आलेले. रजेचा नियम बदलणं हा ॲपची अचूकता वाढवायचा एक उपायच आहे, आणि त्याला प्रोग्रॅमर लागत नाही.

भीतीचं दुसरं टोक बाहेर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीकडून ७८ लाख डॉलर भरून घेण्याचा आदेश काढला. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिल्याचा आरोप होता. मुलं या बातम्या वाचतात. संमतीपत्रात बारीक अक्षरांत काय लिहिलंय यापेक्षा वर्गात याविषयी काय बोललं जातं यावर ॲपचं नशीब ठरतं.

बोलणारं ॲप आणि मागे बसलेली माणसं

२०२५ च्या मार्चमध्ये डार्टमथमधूनच आणखी एक निष्कर्ष आला. निकोलस जेकबसन आणि मायकेल हाइन्झ यांच्या गटाने ‘थेराबॉट’ या संवाद साधणाऱ्या ॲपची चाचणी घेतली. २१० प्रौढ होते. निम्म्यांना ॲप चार आठवडे मिळालं आणि बाकीचे प्रतीक्षा यादीवर, म्हणजे तोवर ॲपविना. नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली, चिंता असलेल्यांची ३१ टक्क्यांनी. आकडे मोठे आहेत. तुलना प्रतीक्षा यादीशी होती हे ध्यानात ठेवूनही मोठे आहेत, कारण मानसिक आरोग्याच्या ॲप्सच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या की परिणाम एरवी लहानच निघतो.

बातम्यांत हे टक्के आले. जो तपशील मागे राहिला तो असा, की चाचणी चालू असताना ॲपने काय उत्तरं दिली त्यावर संशोधकांची नजर होती, आणि कुणाच्या बोलण्यात जिवाला धोका दिसला तर हस्तक्षेप करायला माणसं तयार होती. ५१ टक्के हा ॲपचा आकडा म्हणून सांगितला जातो. मी तो ॲप अधिक मागे बसलेली माणसं असा वाचतो.

संशोधनात याला आधार आहे. डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच मांडलं होतं की ऑनलाइन उपचारात माणूस टिकतो तो कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे या जाणिवेने, आणि तो ‘कुणीतरी’ विश्वासाचा, आपल्या भल्याचा वाटला पाहिजे. स्टुडंटलाइफची ४८ मुलं टिकली त्यातही बक्षिसांइतकाच, ओळखीच्या आवारात ओळखीच्या माणसांनी चालवलेला प्रयोग याचा वाटा असावा असा माझा तर्क आहे.

एक गोष्ट ॲपवर सोडायला मी बिनदिक्कत तयार होईन, ती म्हणजे झोप. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ निद्रानाशी विद्यार्थ्यांवर झालेली एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात निद्रानाशाचा डिजिटल उपचार घेतलेल्यांची झोप तर सुधारलीच, संशयी विचारांसारखी लक्षणंही कमी झाली. झोपेची तक्रार सांगायला लाज वाटत नाही. ‘मला झोप लागत नाही’ हे वाक्य ‘मला जगणं नकोसं झालंय’ पेक्षा पहिल्या महिन्यात कितीतरी सहज तोंडातून निघतं. नव्या विद्यार्थ्यासाठी दार म्हणून तेच उघडावं, आणि आत आल्यावर पुढचं बोलायला माणूस असावा.

डार्टमथमध्ये आता ‘एव्हरग्रीन’ नावाचं नवं ॲप घडतंय, आणि ते घडवण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचाही हात आहे. ते नव्या मुलांच्या हाती पडेल तेव्हा किती जणांनी डाउनलोड केलं यावर मी फारसा भर देणार नाही. पहिल्या चार आठवड्यांत, तुलनेला काही नसताना, ते काय विचारतं ते पाहीन. रात्री आलेलं उत्तर कुणाच्या फोनवर जातं, त्या माणसाने किती वेळात काय करायचं हे लिहून ठेवलंय का, आणि शनिवार-रविवारी त्याच्या जागी कोण, हे विचारीन.